मुलकीची साक्ष

नांदेड, कार्तिक वद्य षष्ठी

विडा घेतला म्हणजे शब्द दिला, हे ठाऊक असूनही सकाळी कुसुमच्या वडिलांच्या हातून मी विडा घेतला.

"होणारा जावई सोलापूरचा. पंधरा वर्षं निजामाच्या मोगलाईत राहिल्याबिगर मुलकी दाखला न्हाई, अन् दाखल्याबिगर सरकारी नोकरी न्हाई. तू शेजारचा. त्याला लहानपणापासून इथंच बघतो म्हण, झालं."

"म्हणतो की, काका."

तहसिलीत तोच विडा गालात ठेवून म्हणालो, "साहेब, हा इंग्रजी हद्दीतला. यंदाच्या पोळ्याला आला." खोटं काय बोललो? अर्ज तिथंच बाद झाला. त्याचं उतरलेलं तोंड बघून लई बरं वाटलं. नोकरी गेली की सोयरीक मोडणारच. नाहीतर कुसुमचं ठरल्याचं ऐकून, कॉलेज अर्धवट टाकून मी आलो कशाला?

आत्ता कुसुम परसात आली होती. रडत असेल म्हटलं, तर हसून राहिली होती.

"साखरपुडा झालाय, तो काही मोडत न्हाई. लग्न करून सोलापूरला चाललो आम्ही. दाखला मिळाला असता तर इथंच राहिले असते, तुझ्या भिंतीपलीकडं. अन् सकाळचा विडा मीच लावला होता बरं. रंगला का?"

दोनदा तोंड धुऊन आलो. ओठ अजून लालच आहेत.