कॅसेटची दुसरी बाजू

गुरुजी,

तुमची ती कॅसेट गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. तुमच्या मुलीने पाठवली. आवरताना सापडली, वेष्टनावर माझं नाव होतं, एवढंच तिने कळवलं. वाजवायला माझ्याकडे काही नव्हतं. बीडमधल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुना टेप आणला, त्याने पट्टा बदलून दिला. ओट्यावर ठेवून बटण दाबलं. आधी ती ओळखीची चरचर, कुणी शेंगा भाजत असल्यासारखी. मग गिटार, मग ती बाई. मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसून राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं. हल्ली नसतंच.

मला दूध सोसायटीची खोली दिसायला लागली. गावात वीज टिकायची ती तिथेच, म्हणून शाळा सुटली की तुम्ही टेप काखेत मारून तिकडे यायचात. औरंगाबादच्या एका लॉजवर कुणी परदेशी पाहुणा कॅसेटी विसरून गेला होता, आणि तिथल्या तुमच्या मित्राने त्या तुम्हाला दिल्या होत्या. त्या दुष्काळात दूध आटलेलं. कॅन भिंतीशी रिकामे, त्यांच्या पोटात गाणं घुमायचं. आई ऊसतोडीला गेलेली आणि मी चुलतीकडे राहिलेली, त्यामुळे घरी जायची घाई नसलेली मी एकटीच तुमच्यासमोर बसायची. सोसायटीचे सेक्रेटरी कोपऱ्यातून विचारतात, ‘‘गुरुजी, ह्या बाईची दाढ ठणकती का हो? कवाची इवळायली!’’ तुम्ही मान न वळवता म्हणता, ‘‘ठणकतंय तिला. पण दाढ न्हाई.’’

गाण्याचा अर्थ तुम्ही सांगायचात. एकदा म्हणालात, ही नदीच्या पुराची गोष्ट आहे, घर गेलं, आता जावं कुठं. त्या आठवड्यात टँकर आलाच नव्हता. मी म्हणाले, ‘‘पानी जास्त झालं म्हनून रडायली? येडी हाय का ही?’’ तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला कितीतरी वर्षं वाटायचं की तुम्ही अर्थ पदरचा जोडता. परवा शोधून पाहिलं. पुराचंच गाणं आहे ते, गुरुजी.

दुसऱ्या एका गाण्यात नुसती एक बाई आणि एक गिटार होती. ‘‘हिचा माणूस?’’ मी विचारलं. ‘‘गेला,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘मंग ही बी अर्धा कोयताच की!’’ आमच्याकडे टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाप वारल्यापासून मुकादमाच्या यादीत माझी आई अर्धा कोयता होती. ह्या वेळी तुम्ही हसला नाहीत. खिशातलं पेन काढून कॅसेटच्या वेष्टनावर ते दोन शब्द लिहून घेतलेत. शाई आता तपकिरी झालीय.

कॅसेटवरची ती माणसं गाण्याची पहिली ओळ दोनदा का म्हणतात, हेही मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘‘एकदा सांगून कोण ऐकतंय?’’ मग त्यांच्याबद्दल सांगत बसलात. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणारे काळे लोक. त्यांतला एक आंधळा, बाटलीचं तुटकं तोंड बोटात घालून गिटारच्या तारेवरून फिरवायचा, म्हणून ती तार माणसासारखी कण्हते. कुणीतरी आवाज भरायचं यंत्र घेऊन त्यांच्यापर्यंत पोचलं, म्हणून त्यांचे आवाज राहिले. जिथे कुणी पोचलं नाही, तिथलं सगळं माणसांबरोबर गेलं. आणि अचानक मला विचारलंत, ‘‘तुझी आई जात्यावर ओव्या म्हणते ना?’’

आई पाडव्यानंतर कारखान्याहून परतली. त्या ओव्या टेपवर भरू का, असं तुम्ही घरी येऊन विचारलंत तेव्हा ती आधी पदर तोंडाला लावून हसली, ‘‘म्या काय गाऊ, गुर्जी? माझं बी कुटं गानं असतंय व्हय?’’ मग हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने हंड्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याने डोकं धुतलं, पेटीतलं लुगडं काढलं. वाटभर ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. सोसायटीच्या दाराशी आलो तर सेक्रेटरी आत बसलेले दिसले. मी तिला म्हणाले, ‘‘थांब हितं, मी सांगून येते.’’

त्यानंतरचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. पण ते तुमच्या कॅसेटवर आहे. बाजू बदलली, तर आधी तुमचा आवाज आला, शाळेत हजेरी घ्यायचात तसा खणखणीत: ‘‘दुसरी बाजू. जात्यावरच्या ओव्या.’’ मग चपलांचा आवाज, आणि एका मुलीचा. ‘‘गुरुजी, आई न्हाई आली. तिला गाताच येत न्हाई.’’ ‘‘कावून गं? काल तर हो म्हणली.’’ ‘‘न्हाईच येत तिला.’’

बाहेर येऊन मी आईला सांगितलं, गुरुजी आज नको म्हणाले. ती म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, मला बी लाज वाटायलती.’’ आणि घरी येऊन लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

तिच्याही दाढेची चौकशी होईल, एवढीच भीती होती मला. आता आई नाही; तिच्या ओव्यांतले शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. तुम्ही जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. हे तोंडी सांगायला मला भरपूर वेळ होता, तुमच्या घरी चहाला येऊनही मी पावसापाण्याचंच बोलले. आणि त्या बाजूवर तुम्ही नंतर दुसरं काहीच भरलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, गुरुजी?

माझ्या त्या वाक्यानंतर टेप बंद करायचं बटण दाबायला तुम्ही थोडा वेळ लावलात. तेवढ्या वेळात आई दाराबाहेर उभी आहे. मी आवाज पूर्ण वाढवून रोज तेवढंच ऐकते. लांबून कुणीतरी घसा खाकरतं, गाण्याआधी खाकरावं तसं. सेक्रेटरीही असतील. ते तंबाखू खायचे, दिवसभर खाकरायचे. पण मी ती आईच धरून चालले आहे.