नाही म्हणजे नाही नव्हे

३ ऑगस्ट, सोमवार
आमच्या लॉजिकच्या डिपार्टमेंटला नवे लेक्चरर आले. माझाच जुना विद्यार्थी. इथे त्यांना 'चिरंजीव' म्हणेन. मला त्यांचा हेवा वाटत नाही. नोंद करून ठेवलेली बरी.

४ ऑगस्ट
चिरंजीवांच्या लेक्चरला पोरं हसतात. स्टाफरूमपर्यंत ऐकू येतं. लॉजिकमध्ये हसण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं शिकवतोय, मला तर कधी सापडलं नाही.
हेवा नाही.

६ ऑगस्ट
चिरंजीव वर्गात सांगतात म्हणे, नकार असं वेगळं काही नसतंच. 'दार बंद आहे' हे नाकारणं म्हणजे 'दार बंद नाही' असं विधान करणं, संपलं! अरे, माझी हयात गेली याच्या उलट सांगण्यात! नाकारणं ही स्वतंत्र क्रिया आहे. तान्हं बाळ चमचा बघून तोंड फिरवतं, ते काय विधान करतं? आधी नकार, 'नाही' हा शब्द मागाहून. हे मीच त्यांना शिकवलं. याच प्रश्नावर पास झाले होते गृहस्थ!
बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, मुलगा फार नम्र आहे हो, परवा बाजारातून माझी पिशवी उचलून आणली. पिशवी! मी उचलत नाही का? ती भाजी निवडायला बसली.

११ ऑगस्ट
सेमिनार. मी नकारावर बोललो. छान रंगलं होतं. मग चिरंजीव उठले. अत्यंत नम्रपणे विचारतात, सर, 'दार बंद नसेल तर मांजर आत येईल' असं मी म्हटलं, तर यात कोण काय नाकारतंय? दार बंद आहे की उघडं, मला ठाऊकही नाही, तरी त्यात 'नाही' आहेच.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, उत्तर तयार आहे, घरी फाइलमध्ये आहे.
संध्याकाळी फाइल सापडली. उत्तर शोधतोय.

१४ ऑगस्ट
आमचे हेड रिटायर होताहेत. पुढचा हेड मीच, दुसरं आहे कोण? कित्येक वर्षं त्या खुर्चीकडे बघतोय. नुसतं बघतोय, हाव नाही.
डिपार्टमेंटची जुनी रीत आहे. मिटिंगमध्ये हेड नाव घेतात. तो माणूस 'छे छे, मी कसला!' म्हणतो. सगळे आग्रह करतात. तो पुन्हा नको म्हणतो. पुन्हा आग्रह. मग नाइलाजाने मान तुकवतो. आत्ताचे हेड असेच झाले. आरशासमोर 'छे छे'ची प्रॅक्टिस केली. बायकोने बाहेरून विचारलं, दाढ दुखतेय का?

१८ ऑगस्ट, मिटिंगनंतर
हेडनी माझं नाव घेतलं. मी म्हटलं, छे छे, मी कसला, नको. उत्तम जमलं. हेड आग्रहाला तोंड उघडणार, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, सरांना नकोय तर कशाला भरीला घालायचं? त्यांच्या शब्दाला मान देऊ या.
मी घाईघाईने म्हटलं, नाही नाही, तसं नाही! तर म्हणतात, बघा, पुन्हा नाही म्हणाले.
आता काय 'मला हवंय हो' म्हणून चारचौघांत गळा काढू? हेडनी मग चिरंजीवांनाच विचारलं. ते म्हणाले, हो. नुसतं हो! एक 'छे' नाही, काही नाही. काही रीतभात? टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.
खरं म्हणजे आज माझा सिद्धान्त सिद्ध झाला. मी नाकारलं, पण 'मला नको' असं विधान मी केलंच नव्हतं. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाला कळू नये?

१९ ऑगस्ट
रजा टाकली. डोकं दुखतंय. बायको शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, फार वाईट वाटलं का? म्हटलं, नाही. खुर्ची हवी होती ना? म्हटलं, छे. त्याचा हेवा वाटतोय? म्हटलं, मुळीच नाही. रडताय का? म्हटलं, नाही.
ती उठली आणि नॅपकिन घेऊन आली.