पंचमीचा केक

बाई,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. ती रांगत होती तेव्हा तिची आई तापानं गेली. तू असतीस तर नातीला तुझ्या मांडीवर देऊन मी कामावर गेलो असतो. तू नव्हतीस, म्हणून माझ्या सासूबाई तिला निफाडला घेऊन गेल्या आणि मी देवळाली कॅम्पातल्या दोन खोल्यांत एकटा राहिलो. महिन्यातल्या एखाद्या रविवारी आजी तिला पॅसेंजरनं घेऊन यायची, संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत. दिवसभर पोर माझ्याकडे असायची, पण पाहुण्याच्या घरी असावी तशी. पाणी हवं असलं तरी आजीच्या कानात सांगायची.

तिला सहा वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता तिला ठेवून घ्यायची. कॅम्पातल्या शाळेत जाऊन विचारून आलो. हेडमास्तर म्हणाले, आणा. सासूबाईंना विचारायचं तेवढं राहिलं होतं, ते वाढदिवसाच्या दिवशी विचारू म्हटलं. पताका लावलेल्या, शेजारची मुलं जमलेली दिसली म्हणजे त्यांनाही वाटेल की बापाच्या घरी पोरीचं बरं चालेल. केक कसला हवा, हे मी आधीच्या खेपेला तिला विचारून ठेवलं होतं. आजीकडे बघत ती म्हणाली, "गाडीचा. आपल्या पॅसेंजरचा."

शेजारी एका जवानाचं बिऱ्हाड होतं, पंजाबकडचं. त्या वहिनींकडे झाकणाला काच असलेला गोल ओव्हन होता. श्रावण म्हणून अंडं नको, दही आणि सोडा घालू, हे त्यांनीच सुचवलं. मला धीर निघेना, सारखं झाकण उचलून बघायचो. त्या म्हणाल्या, "भाईसाब, समझो बच्चा सोया है. बार-बार चादर मत उठाओ." पहिला केक मधोमध बसला, तो आम्ही चहात बुडवून संपवला. दुसरा चांगला फुगला. त्याचे विटांसारखे तुकडे केले, त्यांना कोको आणि लोणी लावून डबे केले, क्रीमच्या बिस्किटांची चाकं लावली आणि डब्याला डबा पेपरमिंटच्या कांडीनं जोडला. इंजिनावर, नव्या गाडीला काढतात तसं, साखरेचं स्वस्तिक काढलं. हे सगळं आदल्या दिवशी. रात्री फडक्याखाली झाकून ठेवलं आणि देवाला हात जोडले. काय मागितलं ते तुला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळी पाटावर गंधानं नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला होता. पण केक कापणं हेही कापणंच, हे काही डोक्यात आलं नाही. घरात बाईमाणूस नसलं की असं होतं. पुरुषाला पूजा ठाऊक असते, चुलीपाशी काय करायचं नाही ते ठाऊक नसतं.

मुलं जमली आहेत. औक्षण झालंय. पोर नव्या फ्रॉकात गाडीसमोर उभी आहे, डोळे मोठे करून, आणि मी तिच्या हातात सुरी देतोय. तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणतात, "जावईबुवा, आज पंचमी हाय. पोरीच्या हातात सुरी नका देऊ."

मला एकदम आपल्या सायखेड्याच्या घराचं दार दिसलं. मी लहान आहे, शेळीला पाला आणायला विळा घेऊन निघालोय, आणि तू माझं मनगट धरतेस. "आज कशाला पातं लावायचं नाय. कुणाच्या अंगावरनं जाईल, तुला दिसतंय का?" त्या दिवशी तू शेळीला हातानं पाला तोडून घातलास. इतकं सगळं आठवत असून मी पोरीपुढे सुरी धरून उभा होतो.

जवान म्हणाला, "लो, गाड़ी सिग्नल पे खड़ी हो गई." मुलं हसली. माझा चेहरा पडलेला पोरीनं पाहिला असावा. तिनं आजीला विचारलं, "हातानं सोडवले डबे तर?" आजी म्हणाली, "हातानं चालतंय की. पंचमीची पुरणाची दिंडं काय आपण सुरीनं खातो?" मग पोरीनं एकेक डबा सुटा करून वाटला. दर वेळी तोंडानं शिट्टी, एकेका स्टेशनचं नाव. ओढा, खेरवाडी, सुकेणे. माझ्या घरात ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं हसत होती. मला वाटलं, आता विचारावं.

शेवटचा डबा उरला तेव्हा तिनं तो माझ्यापुढे सरकवला. "पप्पा, हा बांधून द्या. घरी न्यायचाय, मामाला."

तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. घर म्हणजे निफाड, एवढंच ती सांगत होती. सासूबाईंनीही ते ऐकलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही काही बोलणार होता जणू." मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली, निघायला हवं."

स्टेशनवर ती खिडकीपाशी बसली. मांडीवर केकचा पुठ्ठा, दोन्ही हातांनी धरलेला, त्यामुळे तिला हात हलवता आला नाही. मीच हलवत राहिलो. त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही. ती निफाडलाच शिकली आणि आता पुण्याला हॉस्टेलवर असते. रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. चांगली मुलगी आहे, बाई.

आज तिचा वाढदिवस. दिवा लावून लिहायला बसलो, ते खरं तर तिला. त्या दिवशी मला काय विचारायचं होतं, ते तिला कळवावं म्हटलं. 'चिरंजीव' एवढं लिहून बराच वेळ बसलो, पुढे काही येईना. मग दुसरा कागद घेऊन त्यावर तुला हाक मारली. तुला लिहिलेलं कुठे पाठवावं लागत नाही, म्हणून जमलं.