टप आता ठिपकत न्हाई

पोळ्यानंतरचा मंगळवार, घनसावंगी

तीर्थस्वरूप अण्णासाहेब पाव्हणे यांना राधाकिसनचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? परतूरच्या वैद्याचं तेल लावता का बाटली नुसती देवळीत ठेवली? वहिनींना नमस्कार. तुमची बहीण, म्हणजे आमची बायनाबाई, सतरा दिवसांपासून तुमच्याकडंच असल्यामुळं तिची खुशाली मी तुम्हाला कळवू शकत न्हाई, तुम्हीच मला कळवावी. फोन केला असता, पण तुम्ही फोन कायम स्पीकरवर ठेवून बोलता आणि ती शेजारी बसलेली असते. गेल्या टायमाला मी "हॅलो" म्हणालो तर तुमच्या आधी तिनंच "रॉंग नंबर" म्हणून कट केला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आवाज तर वळखत असेल ना? म्हणून कागद घेतला. आमच्यात नेमकं काय झालं ते तिनं तिच्या बाजूनं सांगितलंच असेल. आता माझी बाजू जरा दम धरून ऐका.

तुम्हाला माहीतच आहे, मी एकतीस वर्षं एसटी चालवली. लोकांची बायकापोरं देवाला नेली, माहेरी नेली, समुद्रावर नेली. स्वतःची बायको मात्र घनसावंगी ते परतूर, तीबी दिवाळीला. लग्नात तिला म्हणालो होतो, एकदा समुद्र दाखवीन. रिटायर झाल्यावर ती गोष्ट मनाला लई खाऊ लागली, म्हणून जालन्यात एका शाळेची जुनी बस घेतली. आतल्या शिटा काढल्या, दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, वर हवेला खिडकी, सगळं बराबर बसवलं. तुमचा भाचा बिभीषण पुण्याहून फोनवर म्हणाला, याला कॅरॅव्हॅन म्हणतात. बायनाबाई म्हणाली, याला पाल म्हणतात. म्हणाली, आपले आजे-पणजे मेंढरांमागं जलमभर पालात राह्यले, पक्कं घर मिळावं म्हणून झुरून गेले, आन् तुम्ही स्लॅबचं घर टाकून परत पालात निघाले! (अण्णासाहेब, तोंडाला हिच्या लगाम लहानपणापासूनच न्हाई का?) शेवटी एका अटीवर कबूल झाली. आत पाण्याचा एक ठिपका पडला तर तिथंच उतरणार आणि पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई.

मी हसलो. तिथंच चुकलो.

समुद्राआधी देवाला जावं म्हणून श्रावणातल्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघालो. निघताना टपावर भगवा झेंडा लावला. मी स्वतः बसवला, मशीननं चार बोल्ट टाकून, वादळ आलं तरी हलायचा न्हाई असा. दर्शन बिलकुल झकास झालं. बाहेर आलो तर पावसानं झोडपायला सुरुवात केलेली. बायनाबाईनं आत शेगडीवर चहा ठेवला, गाळणी उचलली, आणि टपातून एक थेंब टपकन् तिच्या कपाळावर, कुंकवाच्या मधोमध. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गॅस बंद केला, पिशवी उचलली, जालन्याच्या जीपमध्ये बसली, तिथून रेल्वेनं तुमच्याकडं. मी चहा गाळायला म्हणून राह्यलो.

दुसऱ्या दिवसापासून टपाच्या मागं लागलो. शेजारचे रखमाजी आबा आले. त्यांचं मातीचं माळवद साठ वर्षांत ठिपकलेलं न्हाई, तेव्हा माणूस अनुभवी. चप्पल काढून वर चढले, झेंड्याला हात जोडले, अख्खा टप चाचपला आणि म्हणाले, पांढरी टाक. (तुमच्या गावात आता सगळे स्लॅब झाले म्हणून आठवण देतो, पावसाळ्याआधी माळवदावर टाकतात ती गावठाणातली पांढरी माती.) मलाही पटलं. घराचं छत ते छत, गाडीचं छत काय वेगळं असतंय? अकरा पाट्या माती टाकली, पाणी मारून चोपली. उभ्या गाडीत दोन दिवस थेंब आला न्हाई. मंग मला आला हुरूप. तुमच्याकडं येऊन तिला दाखवावं म्हणून परतूरच्या रस्त्याला लागलो, वाटेत पाऊस गाठला, आणि वळणावर अकराच्या अकरा पाट्या मागच्या काचेवरून खाली आल्या. मागं मोटारसायकलवर पांढऱ्या कडक इस्त्रीचे एक पाव्हणे होते. त्यांचे कपडे पांढरेच राह्यले, पण चेहराही पांढरा झाला. त्यांनी माझ्या तीन पिढ्यांची जी विचारपूस केली ती पत्रात लिहिण्यासारखी न्हाई. मी तिथूनच माघारी फिरलो.

मंग गाडी जालन्याला राधेश्याम बॉडीवाल्याकडं नेली. त्यानं आधी मातीवरून मला तासभर झापलं. म्हणाला, काका, पत्रा गळत न्हाई, सांधा गळतो. सांध्यातला जुना मसाला खरवडा, धुवा, कोरडं होऊ द्या, मंग नवा भरा, आणि सहा महिन्याला एकदा वर चढून कडा, खिडकीचं रबर आणि स्क्रू बघत जा. एकतीस वर्षं गाडी चालवली, पण टपावर फक्त लोकांच्या ट्रंका बघितल्या. राधेश्यामही झेंड्याला नमस्कार करून कामाला लागला, दोन दिवस एकेक सांधा भरला. घरी आणून मी टपावर फवारणीच्या पंपानं पाणी मारलं. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. एक ठिपका, पुन्हा त्याच जागी! मी गुडघ्यात डोकं घालून बसलो.

अण्णासाहेब, बसल्या बसल्या एक गोष्ट आठवली. लग्नाआधी तिला बघायला आलो तेव्हा तुम्ही एकदा बोलता बोलता सांगितली होती. तुम्ही भावंडं लहान असताना गोदाकाठी पाल पडलं, रात्रभर पाऊस, आणि तुमची आई तुम्हा तिघांवर घोंगडी धरून पहाटेपर्यंत उभी राह्यली. बायनाबाईनं लग्नाच्या वेळी माझा पगार विचारला न्हाई, घराला स्लॅब आहे का तेवढं विचारलं होतं. मला एवढ्या वर्षांत कळलं न्हाई की ते एका थेंबाचं भांडण न्हाई. पोळ्याला पुष्पाबाईनं शेजारधर्म म्हणून पुरणपोळी आणून दिली, ती मी आमच्या शेळ्यांना घातली. घर खायला उठतंय. टप मी दुरुस्त करीनच. आता जवळजवळ झालाच आहे, ठिपकत न्हाई म्हणलं तरी चालेल.

कळावे, लोभ आहे तो तेलाच्या बाटलीसारखा देवळीत न ठेवता वापरावा.

तुमचा,
राधाकिसन

ता. क. वरचं सगळं फक्त प्रस्तावना होती. तिला पाठवून द्या. माझी चूक झाली असं सांगा, पण मी सांगायला सांगितलं असं सांगू नका.

ता. क. २. हे पाकीट टाकायला बुधवारी सकाळी फाट्यावर गेलो तर समोर जीपमधून बायनाबाईच उतरली. "शेळ्यांसाठी आले," म्हणाली. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता, पदर खोचून सरळ टपावर चढली. झेंड्याला नमस्कार केला, मंग देवाची माफी मागून पान्यानं चारी बोल्ट खोलले, झेंडा उचलला आणि मला वर बोलावलं. "हे काय?" माझ्याच हातची चार भोकं, अण्णासाहेब! सगळे हात जोडून पुढं गेले, त्याखाली बघितलं कुणीच न्हाई. झेंडा आता समोरच्या काचेजवळ लावलाय. भोकं बुजवली, दुपारी मसाला वाळल्यावर मी वरून पंप मारला, ती खाली पलंगावर स्टीलची ताटली मांडीवर घेऊन बसली. अर्धा तास. ताटली कोरडी. "बरं," म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मला भरून आलं.

ता. क. ३. खरं काम असं की सोमवारी आम्ही समुद्राला निघून राह्यलो. तीन शेळ्या आहेत, त्यातली एक गाभण. गुडघा घेऊन आठ दिवस इकडं येऊन राहावं ही विनंती, तेल मी लावून देईन.

ता. क. ४. तुमच्या पेटीतली आईची घोंगडी सापडत नसेल तर वहिनींवर चिडू नका. बायनाबाईनं गाडीत सगळ्यात आधी तीच ठेवली आहे, तिच्या न्हाई, माझ्या उशाशी. म्हणाली, आता ठिपकलं तर धरून उभं तुम्ही राहायचं.