तीन आट्यांवरची रिंग

प्रिय पान्या,

अक्षर माझंच आहे, फक्त वाकडं आलंय. दुपारचे दोन वाजत आलेत. प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर बसून लिहितेय. समोर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या रांगेत उभ्या आहेत आणि आज मी एकीलाही हात लावलेला नाही. शिपाई दोनदा डोकावून गेला, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बरं आहे. आधी हे सांगते की बाबा ठणठणीत आहेत आणि कुणाला काही लागलेलं नाही, नाहीतर तू पुढचं धड वाचणार नाहीस. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊच दिलं नसतंस. "सोड गं ताई" म्हणाला असतास आणि मीही सोडलं असतं. अकरा वर्षं तेच तर केलं.

आज सकाळी कामाला येताना गाडी बंद पडली. हो, तीच, बाबांची. अजून तीच चालवते मी. प्रयोगशाळेच्या अलीकडच्या चढावर दोन आचके दिले आणि गप्प झाली. मागून भोंग्यांचा नुसता कल्लोळ. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने एका टोइंगवाल्याला बोलावलं. तो आला आपली खटारा जीप घेऊन. पन्नाशीचा, ढेरपोट्या, आणि तोंडाची टकळी अशी की तुझी आठवण यावी. "मॅडम, गाडी तुमच्यापेक्षा वयाने मोठी दिसतेय," म्हणाला. मी म्हटलं, माझ्यापेक्षा नाही, पण कुरकुर माझ्याइतकीच करते. हसला. म्हणजे बघ, नऊ वाजून वीस मिनिटांनी मी विनोद करत होते.

दोर बांधायच्या आधी त्याने पुढच्या बंपरवरचं ते छोटं चौकोनी झाकण पेचकसाने उचकटलं आणि विचारलं, "रिंग कुठंय? दोर अडकवायची?" मी म्हटलं, असेल डिकीत. बंपरलाच बांधा ना, कशाला एवढं. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणी न उकळलेला नमुना तसाच पिऊन टाकला तर त्याच्याकडे पाहीन. "बंपर म्हणजे चेहऱ्यावरची पावडर हो मॅडम. तिला ओढून माणूस उठतो का?" मग त्याने स्टेपनी उचलली. खाली हत्यारांची ती काळी पिशवी होती. इतक्या वर्षांत मी ती उघडलेली नव्हती; पंक्चर झालं तर टायरवाला आपलंच सामान आणतो. पिशवीत जॅकचा दांडा होता, एक पाना होता, आणि तळाशी निळ्या चौकटींच्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. रुमालाला गाठ होती, एकावर एक दोन, आणि टोकं आत खोचलेली. तू तुझा डबा असाच बांधायचास आणि आई ओरडायची, अरे, ही सोडायला लोहार आणू का? गाठ पाहिली आणि मला आधी बरंच वाटलं, खरं सांगते. वाटलं, चला, पान्याने किती नीट ठेवलंय.

टोइंगवाल्याने दातांनी गाठ सोडली. रिंग हातात घेऊन उजेडाकडे धरली, अंगठ्याने तिच्या दांड्यावरचे पेचाचे आटे चाचपले आणि बाजूला ठेवून दिली. "ही वापरायची नाही," म्हणाला. "का?" "हे बघा. बारा आटे आहेत. शेवटचे नऊ कोरे करकरीत, कारखान्यातून आल्यासारखे. पुढचे तीन घासून सपाट. कुणीतरी नुसती टोकावर अडकवून ओढलीय. तीन आट्यांवर." आणि मग अगदी सहज, दोराचा गुंडाळा सोडता सोडता म्हणाला, "तेव्हा कुणाला लागलं नाही ना?"

त्याला काय सांगायला हवं होतं, हे मी सकाळपासून स्वतःला विचारतेय.

त्याने आपल्या पेटीतून दुसरी रिंग काढली. बंपरमधल्या भोकातली माती तारेच्या ब्रशने काढली, फुंकर मारली, थोडं ग्रीस लावलं आणि रिंग फिरवायला लागला. मी फेरे मोजत होते. तिसऱ्या फेऱ्याला ती अडली. अगदी तशीच अडली, पान्या. तो हूं म्हणाला, दोन फेरे उलटी काढली, पुन्हा फुंकर मारली, पुन्हा बसवली. चार, पाच, सहा. बारापर्यंत गेली. मग त्याने तिच्यात लोखंडी दांडा घालून वर अजून अर्धा पीळ दिला. "हाताला घट्ट लागते तिथे बसलेली नसते, मॅडम. कचरा अडवतो आणि आपल्याला वाटतं झालं." दोर लावल्यावर त्याने जीपमधलं जुनं जाड पायपुसणं आणून दोराच्या मधोमध टाकलं. हे कशाला, म्हटलं. "दोर तुटला की उडतो. मधे ओझं असलं की खाली पडतो. रिकामा दोर आणि रिकामं डोकं, दोघांचा भरवसा नाही." मग आजूबाजूच्या बघ्यांना त्याने शिव्या घालून पार फुटपाथच्या आत रेटलं. एक आजोबा हातवारे करून दिशा दाखवायला पुढे आले, त्यांना तर दंडाला धरून दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवलं. तिथे माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं मी घाबरले. "किल्ली चालू ठेवा, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. न्यूट्रल. हँडब्रेक सोडा. ब्रेकवर हलका पाय, दोर सैल पडू द्यायचा नाही. काही होत नाही." गॅरेजपर्यंत चार किलोमीटर मी त्या दोराकडे बघत गेले. ताणलेला, सरळ माझ्याकडे रोखलेला.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुला माहीत आहे सगळं, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने ते कधी सांगितलंच गेलं नाही. बाबांनी गाडी वळणावर चरात घातली होती. तू गॅरेजची पिकअप घेऊन आलास, मी तुझ्याबरोबर. चिखलात गुडघ्यावर बसून तू पिकअपचा हुक बघत होतास आणि मागे न वळताच रिंग माझ्या हातात दिलीस. "ए नोंदवही, तेवढी बसव. पूर्ण आत जाऊ दे, मग दांड्याने पीळ." मी बसवली. "झालं?" "झालं." तू पिकअपमध्ये बसलास, खिडकीतून ओरडलास, "बाबा, दोराच्या समोरून बाजूला व्हा!" बाबा म्हणाले, "मला शिकवू नकोस, तू समोर बघ," आणि तिथेच उभे राहून हाताने खुणा करत राहिले. दोरावर आपण काही टाकलं नव्हतं. ते तुझ्याकडून राहिलं, हे मी झाकणार नाही. झाकलेलं तुलाच आवडणार नाही. मग तो आवाज, आणि रिंग सुटून दोरासकट उडाली. बाबांच्या गालाचं हाड मोडलं आणि डावा डोळा गेला. भिंग लावायचा डोळा. तीस वर्षं त्या डोळ्याने त्यांनी गावभरची घड्याळं उघडली आणि मिटली. उजव्या डोळ्याने वर्षभर प्रयत्न केला, हात ऐकेनात, मग दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

इस्पितळाच्या त्या लांब मार्गिकेत तू भिंतीला टेकून उभा होतास, उजवी मूठ पँटच्या खिशात घट्ट. मला वाटलं, घाबरलायस. दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. पट्टीतून पहिलंच विचारलं, "रिंग कुणी बसवली होती?" मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण माझ्या आधी तू बोललास. "मीच, बाबा. घाईत." आणि बाबा म्हणाले, "पुन्हा माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही." मी तोंड मिटलं.

का मिटलं? इतकी वर्षं माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं. मी स्वतःला सांगत आले की पान्या दुःखाने तसं बोलला. रिंग मी बसवली खरी, पण घट्ट बसवली होती, तेव्हा चूक रिंगेची नसणारच, हिसका बसला असणार, लोखंड जुनं असणार. मग बसवली कुणी याने काय फरक पडतो? आणि हे सगळं मला पटायचं, कारण मी लहानपणापासून रोज भरते त्या नोंदींच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. मी, जी कामावर रोज दोन रकाने भरते, निरीक्षण वेगळं आणि निष्कर्ष वेगळा, नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते, तिने घरच्या वहीचा एवढा एक निष्कर्ष अकरा वर्षांत एकदाही तपासून पाहिला नाही. तपासायचा नव्हता म्हणूनच नसेल.

गाडी गॅरेजात सोडून मी चालत घरी गेले. बाबा शेजाऱ्यांबरोबर बागेत फिरायला गेले होते. कपाटावरून त्या वर्षीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. माझंच नीटनेटकं अक्षर: "पान्याने रिंग दिली. मी बसवली. तीन फेऱ्यांत घट्ट झाली. हलवून पाहिली, हलली नाही." तीन फेऱ्यांत. मी मोजलेसुद्धा होते! बाबांनी लहानपणी आपल्याला शिकवलं होतं ना, स्क्रू बसला का हे बोटाला विचारायचं नाही, फेरे मोजायचे. मी आज्ञाधारकपणे मोजले, आकडा लिहिला, आणि किती व्हायला हवे होते हे कुणाला विचारलं नाही. त्याच्या खाली, दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत: "पान्या बाबांना म्हणाला, रिंग त्याने बसवली. असं का म्हणाला?" त्यापुढे चार ओळी कोऱ्या. मग थेट औषधांच्या वेळा. प्रश्न लिहून त्याला जागा सोडणारी आणि मग जागाच विसरणारी बाई मी. वही आणि रिंग पिशवीत टाकून मी इथे प्रयोगशाळेत आले.

आणि मग त्या खिशातल्या मुठीचा उलगडा झाला. तू मेकॅनिक. दोर गोळा करताना रिंग तुझ्या हाताला लागली असणार आणि ते तीन आटे तू एका नजरेत वाचले असणार, जसे आज त्या टोइंगवाल्याने वाचले. तू मार्गिकेत उभा होतास तेव्हा ती रिंग त्या मुठीत होती, आणि तेव्हाच तुला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी चरातली गाडी काढायला तू एकटा गेलास, रिंग रुमालात बांधलीस, दोन गाठी मारल्यास आणि स्टेपनीखाली ठेवलीस. फेकून का दिली नाहीस रे? नदीत टाकली असतीस तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. की तुझ्या हाताला गाडीचं सामान फेकवत नाही, एवढंच कारण? तीन महिन्यांत गॅरेज बंद केलंस. गाड्यांना आवाजावरून ओळखणारा तू, आज परक्या गावातल्या रंगाच्या गोदामात डबे मोजतोस. दोनदा आलास, दोन्ही वेळा लॉजवर उतरलास. पायरीवर बसून माझ्याकडे चहा मागितलास आणि वर म्हणालास, "ताई, गाडीचं ऑइल बदललंस का गं?" मी म्हटलं, हो. बाबा आतल्या खोलीत दार लावून बसले होते. आणि मी तुला चहा दिला. नुसता चहा.

या पत्राचं कारण आता लिहिते. वहीतलं ते पान मी फाडून सोबत ठेवलंय. तीस वर्षांत फाडलेलं हे पहिलंच पान, ते तुझं आहे. हे पत्र मी आधी टपालात टाकणार आणि मगच घरी जाणार, कारण मी मला ओळखते. बाबांशी आधी बोलले तर नंतर तुला याहून मऊ पत्र लिहीन, किंवा लिहिणारच नाही. पेटीत पडलं की ते परत काढता येत नाही. संध्याकाळी बाबा चहाला बसतील तेव्हा ती रिंग त्यांच्या पुढ्यात ठेवीन आणि भिंग देईन. त्यांना कुणी सांगितलेलं पटत नाही, आटे ते स्वतःच मोजतील, उजव्या डोळ्याने, वेळ लागला तरी. मोजून झाले की विचारतील, रिंग कुणी बसवली होती. या वेळी तू खोलीत नसशील, माझ्या आधी बोलायला. तू जे अकरा वर्षं बांधून ठेवलंस ते तुला न विचारता मी सोडतेय, त्याचा राग आला तर येऊ दे. रुमाल धुऊन ठेवते. न्यायला ये, किंवा येऊ नकोस. पण आला नाहीस तर ते तुझ्या मनाने असू दे, माझ्या न बोलण्यापायी नको.

तुझीच,
नोंदवही