सतीशचा न पोचवलेला निरोप

विहीणबाई,

नमस्कार कुठल्या तोंडाने करू? तरी करते. परवा स्पेनहून अबुधाबीला परत आले, तेव्हापासून जीव ठिकाणावर नाही. डाळ दोनदा करपली. मंगल म्हणाली, "आई, तुला झालंय तरी काय?" पोरीला काय सांगू! सांगायचं ते तुम्हाला आहे. म्हणून नातीच्या वहीची पानं फाडून घेतली. तुम्ही सातवी पास, मी चौथी. चुका काढालच. काढा.

जावईबापू आम्हाला तिथे दारूचा कारखाना बघायला घेऊन गेले होते. नाक मुरडू नका, तुमचाच सतीश तो! द्राक्षाची दारू, वाइन म्हणतात. खाली शंभरावर वर्षांची दगडी तळघरं, लाकडी पिंपांच्या रांगा. आणि डोक्यावर नवंकोरं चकचकीत पत्र्याचं छप्पर, नुसत्या लाटांवर लाटा. वाऱ्याने उडालेलं लुगडं तारेला अडकावं तसं. पण जुनं आणि नवं एकमेकांशी भांडत नाहीत हो. आपल्या दोघींना काही ते जमलं नाही.

इमारती बांधणारा माणूस, जावईबापू मान वर करून उभेच. म्हणाले, "मामी, ह्याचं चित्र मी मिरजेच्या घरात भिंतीला लावलं होतं. आई म्हणायची, वादळात पत्रे उडालेत, त्यात बघायचं काय?"

खरंच असं म्हणालात? तुम्हीच म्हणणार!

मग तिथल्या पोरीने पेले दिले. तोंडात घोळवायचं आणि बादलीत थुंकायचं म्हणे. रिया मला शिकवते, "आज्जी, डोन्ट स्वॉलो, जस्ट स्पिट!" म्हटलं, "अगं, जन्मभर मिसरी लावली मी. मला थुंकायला शिकवतेस?" घोट घेतला. जांभळासारखा तुरट.

तेवढ्यात जावईबापू हळूच म्हणाले, "माझी नोकरी गेली ते आईला ठाऊक होतं, त्याचाच मोठा आधार होता, मामी. फोनवर एकदासुद्धा टोचून बोलली नाही."

तोंडात घोट. बोलू कशी? गिळला. पण खरं सांगू, तोंड रिकामं असतं तरी बोलले असते का?

ऐका आता. दुबईत मंदी आली, अर्ध्या टॉवरवर क्रेन नुसत्या उभ्या राहिल्या. जावईबापू भर दुपारी खोक्यात सामान घेऊन घरी आले. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. तुम्ही मिरजेत अंथरुणाला खिळलेल्या. ही अबुधाबीची नोकरी जमत आली होती, पण व्हिसाचे कागद होईस्तोवर देश सोडता येईना. सोडला की नोकरी खलास! मी परत निघाले तेव्हा विमानतळावर म्हणाले, "मामी, आईला समोर बसून सगळं सांगा. मला फोनवर नाही जमणार. म्हणावं, कागद झाले की त्याच दिवशी निघतो."

मिरजेला येऊन मी तुमच्या खाटेशी बसले. तुम्ही विचारलंत, "सतीश कधी येतोय?" आणि मी म्हणाले, "कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही त्यांना."

का? नोकरी गेली म्हटलं असतं तर तुमचा पहिला शब्द असता, "सुनेचा पायगुण!" लग्नानंतर म्हैस दगावली तेव्हा काढला होतात की नाही? तुमचीही जीभ काही गुळाची नव्हती!

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "कामच मोठं म्हणायचं मग."

त्यानंतर त्यांचा फोन आला की दोन शब्द बोलून ठेवून द्यायचात. त्यांना वाटायचं, आई समजून घेते, विचारून लाजवत नाही. शेवटी कागद झाले, पण तुम्ही थांबला नाहीत. आठ दिवसांसाठी एवढी कसली घाई होती हो?

विहीणबाई, तुमच्या पोराला काम मोठं नव्हतं. काम होतंच कुठे! रोज त्या कंपनीला फोन करायचा, "झालं का?" तिकडून, "इन्शाल्ला, उद्या." त्याचा निरोप मी दाबून ठेवला. मंगलला यातलं काहीच माहीत नाही. तिला बोल लावू नका.

शुक्रवारी जावईबापूंना सुट्टी असते. नाश्ता झाला की समोर बसवून सगळं सांगणार. तुम्ही भिंतीकडे बघून काय म्हणालात, तेसुद्धा. "मामी, चालत्या व्हा" म्हणाले तर बॅग भरेन. शब्द देते तुम्हाला, यात बदल नाही. मात्र जाताना पोरावरचा राग बरोबर घेऊन गेलात ना, तो त्याचा नव्हे. माझा आहे. मला द्या.

तुमची विहीण,
अनसूया