पाटा मोहोपाड्यात, वरवंटा कशेळ्यात

या आठवड्यात घरात आलेलं सामान: कानाचं यंत्र, उजव्या कानाचं, नग एक, साडेअठरा हजार. त्याच्या बटणाएवढ्या बॅटऱ्यांचं पाकीट, दोनशे दहा. मी आणि सूनबाई पनवेलला गेलो-आलो त्याचं भाडं, एकशे साठ. फुलस्केप कागद, वीस. स्टँपपेपरसाठी वेगळे पैसे पदराला बांधून नेले होते, पण मृत्युपत्राला स्टँप लागत नाही असं वकीलसाहेब म्हणाले. फुकटात होणारं एवढं एकच सरकारी काम, आणि ते मरायचं! मी त्यांच्या ऑफिसात इतकी हसले की त्यांनी घाबरून पाणी मागवलं. ग्लास टेबलावर ठेवल्याचा टक्‌ असा आवाज आला. मला आला!

तर त्याच फुलस्केप कागदावर मी, श्रीमती इंदूबाई दशरथ कराळे, वय बाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार मोहोपाडा, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, गजाननाला नमस्कार करून लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी दटावलेलं नाही, आणि मागच्या बुधवारपासून माझा कानही ठिकाणावर आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी पुष्कळ बोलले आहे, ते सगळं या लेखाने रद्द समजावं.

कलम पहिलं. राहतं घर, तळमजला आणि वरची एक खोली, माझे यजमान कै. दशरथ यांनी इथल्या कारखान्यात नोकरी करून बांधलं, ते माझ्या पश्चात चिरंजीव संतोष याचं. त्याने गच्चीची गळती आधी काढावी आणि मग रंग लावावा, उलट करू नये. संतोषला आणखी एक सांगणं: बाळा, मला यंत्र बसलंय. तू आता ओरडू नकोस. इतकी वर्षं तू "आई, जेवलीस का?" विचारलंस की शेजारच्या धोंडूबाई "आले, आले" म्हणत दारात यायच्या. परवा तू तसाच ओरडलास आणि मी खुर्चीवरून उठलेच. खरं तर तुझा आवाज गोड आहे, तुझ्या वडिलांसारखा. मला माहीतच नव्हतं.

कलम दुसरं. माझ्या चार सोन्याच्या बांगड्या, तांब्याची भांडी, स्टेट बँकेतली ठेव आणि स्वयंपाकघराची पूर्ण सत्ता सूनबाई सौ. छाया हिला. तिलाच या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. कारण देते. छायाला पुटपुटायची सवय आहे. ती ओट्याशी पाठ करून तोंडातल्या तोंडात काही बोलायची, मला वाटायचं मलाच शिव्या घालते. मीही मग देवासमोर तिच्याबद्दल थोडं बोलून घ्यायचे, मोठ्याने. यंत्र लावून घरी आले त्या दिवशी छायाला वाटलं मी ते काढून डबीत ठेवलंय; मी मुद्दाम काही न सांगता भाजी निवडत बसले. छाया आमटी ढवळत होती. म्हणते, "मीठ घातलंय. आता आई येतील, परत घालतील. देवा, आज तरी घालू देऊ नको."

"घालत नाय गं," मी म्हटलं.

तिच्या हातातला डाव आमटीत पडला. "आई! तुम्हाला ऐकू आलं?"

"कधीपासून सांगतेस हे?"

"लग्न झाल्यापासून!"

तेरा वर्षं या घराने आमटी दोनदा मीठ घातलेली खाल्ली आणि एकाने चकार शब्द काढला नाही. संतोषला वाटलं बायकोचा हात खारट, छायाला वाटलं सासूला तसंच आवडतं, मला वाटलं घरात कोणाला चव कळत नाही. आम्ही दोघी ओट्याशी बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. बांगड्या तिला.

कलम तिसरं. माझ्या मोत्याच्या कुड्या नात आरोही हिला. कान तिचे चांगले आहेत. तिने मला मोबाईलमध्ये बोललेलं आपोआप लिहून घेणारी सोय दाखवली. मी म्हटलं, बघू. तोंड जवळ नेऊन नीट बोलले, "मैना, तुझा पाटा माझ्याकडे आहे." मोबाईलने लिहिलं, "महिना तुझा टाटा माझ्याकडे आहे." आरोही म्हणाली, "आज्जी, पाठवू?" म्हटलं, खबरदार. आधीच जेवढं झालंय तेवढं पुरे.

आता मैना कोण ते सांगायला हवं. वकीलसाहेबांनी हे कलम काढून टाकायला सांगितलं होतं. मी म्हटलं, साहेब, बाकीची कलमं काढलीत तरी चालतील.

कलम चौथं. मैना ही माझी धाकटी जाऊ. दीर कोंडाजी यांची बायको, राहणार कशेळे, तालुका कर्जत. मी कशेळ्याच्या त्या घरात नवी नवरी होऊन गेले तेव्हा सासूबाईंनी मला एकटीनेच वाटण वाटायला लावलं. पुढे मैना आली आणि आम्ही पाट्याशी समोरासमोर बसायला लागलो. ती खोबरं पुढे सारायची, मी वरवंटा ओढायचे. वाटण वाटताना आम्ही जेवढं बोललो तेवढं मी यजमानांशीही बोलले नाही. आणि सगळं ऐकू यायचं, दगडाच्या घरघरीतसुद्धा.

यजमान गेल्यावर वाटणी झाली. भांडण नाही, तंटा नाही. जमीन मोजून, भांडी जोडीने, सगळं सारखं. शेवटी पाटा-वरवंटा राहिला. कोंडाजी भाऊजी म्हणजे फार सरळ माणूस. म्हणाले, "दोन नग हायेत. एकेक घ्या." मी आणि मैना एकमेकींकडे बघत राहिलो. तिला वाटलं ताई काही बोलतील, मला वाटलं ही बोलेल. कोणीच बोललं नाही. पाटा टेंपोत चढून माझ्याबरोबर मोहोपाड्याला आला आणि वरवंटा कशेळ्यात राहिला. तेव्हापासून मी पाताळगंगेतला एक गोटा आणून वाटण वाटते. तो गोल फिरतो आणि मिरची उडते. मैना वरवंटा दाराला टेकू लावते असं सुकटवाली गोदूबाई सांगते, पण गोदूबाईच्या सांगण्यातलं निम्मंच धरायचं.

वाटणीनंतर महिन्याभरात संतोषचं लग्न निघालं. हळदीला पहिला हात काकीचा, म्हणजे मैनाचाच. पण माझ्या मनात आलं, तिला ते पाट्याचं लागलं तर नसेल? आदल्या संध्याकाळी मी फोन लावला. मांडवात लाऊडस्पीकरवाला "हॅलो, माइक टेस्टिंग" करत होता. माझा कानही तेव्हापासूनच उतरणीला लागला असणार, पण ते कोणाला ठाऊक? मी एक बोट एका कानात घातलं आणि सरळ विचारलं.

"मैना, तुझ्या मनात काय हाय का गं?"

तिकडून आलं, "हाय, ताई."

माझं डोकंच फिरलं. लेकराच्या हळदीच्या आदल्या दिवशी असं तोंडावर सांगते? "मग बस घरी!" म्हटलं आणि फोन ठेवला.

ती घरीच बसली. कोंडाजी भाऊजी एकटे आले, अक्षता टाकल्या, जेवले आणि न बोलता गेले. हळदीला पहिला हात धोंडूबाईंनी लावला. तेव्हापासून तेरा वर्षं आम्ही बोललेलो नाही. लग्नकार्यात समोर आलो की ती पंगतीच्या त्या टोकाला, मी या टोकाला.

मध्ये गोदूबाई होती. ती सुकट-बोंबील घेऊन कशेळ्याच्या बाजारालाही जाते आणि मोहोपाड्यालाही येते. तिच्या टोपलीत बोंबलाखाली निरोप असतात आणि तिच्या हातून सगळ्यालाच जास्तीचं मीठ लागतं. मी तिला एकदा म्हटलं होतं, "तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, मी काय करू?" कशेळ्यात जाऊन तिने सांगितलं, "ताई म्हंते, मैनानं कबूल करावं." मैना म्हणाली असेल, मी काय केलंय ते कबूल करू? तो निरोप माझ्यापर्यंत आला तो असा: "मैना म्हंते, मी न्हाय कबूल करत, काय करायचं ते करा." देवा रे!

आता मागच्या बुधवारची गोष्ट. पनवेलला कान तपासणारी मुलगी होती रोहिणी, आपल्याच खालापूरकडची. तिने तोंडासमोर कागद धरला आणि म्हणाली, "आजी, मी म्हणीन ते म्हणा. हात."

"भात."

"भात नाही, हात."

"भातच म्हणतेस गं!"

छाया बाजूला बसून तोंडाला पदर लावून हसत होती. रोहिणीलाही हसू आवरेना. कागदाआडून म्हणाली, "नाय, आजी, नाय!"

"तेच म्हणते मी. हाय, हाय!"

मग तिने कागद खाली ठेवला आणि मला समजावलं. "आजी, शब्दाचं पहिलं अक्षर तुमच्या कानात शिरतच नाही. मागचं तेवढं येतं. मी 'नाय' म्हटलं की तुमच्यापर्यंत नुसतं 'आय' पोचतं. पुढचं अक्षर तुम्ही मनाने जोडता."

"कोणाच्या मनाने?"

"तुमच्याच की!"

आणि मला हळदीच्या आदल्या संध्याकाळचा तो फोन आठवला. तेरा वर्षांपूर्वी फोनमधून "आय" आलं होतं. फक्त "आय". माझ्या मनात पाट्याची भीती होती, म्हणून तिथे 'ह' तयार होऊन बसला होता, तो जाऊन चिकटला. आणि मैनाने "नाय, ताई" म्हटलं असेल तर? माझ्या मनात काही नाही असं सांगणाऱ्या बाईला मी म्हटलं, मग बस घरी! तिने बिचारीने काय समजायचं? मनात काही नसेल तर येऊ नको, असं का? मला इतकं हसू फुटलं की खुर्ची गदगदायला लागली. हसता हसता रडूही आलं. रोहिणी तेव्हा माझ्या कानात यंत्र बसवत होती, म्हणाली, "आजी, यंत्राने गुदगुल्या होतात का?" म्हटलं, होतात गं बाई. फार होतात.

पण मला नक्की ठाऊक नाही. तिने "हाय"च म्हटलं असेल, तेही होऊ शकतं. म्हणून या कलमान्वये सासूबाईंचा पाटा, काळ्या दगडाचा, एका कोपऱ्याला टवका गेलेला, मैना कोंडाजी कराळे हिला देते. 'न' असेल तरी तिचा आणि 'ह' असेल तरी तिचाच. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रातलं तुमच्या पश्चात मिळतं. जिवंतपणी देता येत नाही." म्हटलं, मी मेल्यावर समोर बसून वरवंटा कोण ओढणार, तुम्ही? म्हणून ही एक वस्तू मी मरायची वाट बघणार नाही. अट एकच, तिने वरवंटा घेऊन इथे यायचं आणि वाटण एकदा तरी दोघींनी वाटायचं. 'ह' असला तर भांडून वाटू.

कलम पाचवं. देव्हारा आणि समया संतोषकडे, पण पूजा जो मनापासून करील त्याने करावी. देवाशी बोलताना मला कानाची अडचण कधी आली नाही. त्यानेही मला कधी "काय? काय म्हणालीस?" विचारलं नाही.

कलम सहावं. पाताळगंगेतला गोटा गोदूबाईला. टोपलीवर वजन ठेवायला उपयोगी पडेल. त्या लाऊडस्पीकरवाल्याला काही देत नाही.

कलम सातवं. यंत्र माझ्याबरोबर जाळू नये, महाग आहे. रोहिणीकडे परत द्यावं, ती कोणा गरजू बाईला देईल. बॅटरी मात्र काढून ठेवावी.

वरील मजकूर मी स्वतःच्या अक्षरात लिहिला, स्वतः वाचला, आणि छायाकडून मोठ्याने वाचून घेतला. सगळा ऐकू आला.

साक्षीदार:
१. धोंडूबाई, शेजारी, मोहोपाडा (सही)
२. गोदूबाई, सुकट विक्रेती (निशाणी अंगठा). साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असं वकिलांनी सांगितलं, म्हणून ती चालते. तिने विचारलं, "काय लिवलंय गं ताई?" मी यंत्र बंद करून "काय? काय?" केलं.

सही: इंदूबाई दशरथ कराळे
ठिकाण: मोहोपाडा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

ता. क. याची एक नक्कल मैनाला कशेळ्याला रजिस्टर टपालाने पाठवत आहे. मैना, फोन करू नकोस, आणि गोदूबाईजवळ निरोप तर मुळीच देऊ नकोस. सोबत पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घातलं आहे, वर माझा पत्ता लिहिलेला आहे. मागच्या बाजूला सुरुवातीला एका अक्षराची जागा मोकळी सोडून, पुढे काना आणि 'य' एवढंच लिहिलंय. या खेपेला पहिलं अक्षर मी जोडणार नाही. ते तू घाल आणि उलट टपाली पाठव.